शोधपेटी हाताशी असताना रेशो आणि ऑबिटरची घोकंपट्टी कशासाठी?

नवा_कोट (पुणे)
विधी महाविद्यालयात आमच्याकडून रेशो (निवाड्याला आधार देणारे कारण), ऑबिटर (ओघात आलेले उद्गार), पर इन्क्युरियम (लागू कायदा नजरेआड करून दिलेला निवाडा) असे शब्द पाठ करून घेतले. सनद मिळून आठ महिने झाले, तरी एकाही न्यायाधीशांनी मला त्यांपैकी एकाचाही अर्थ विचारलेला नाही. शोधपेटीत चार शब्द टाकले की निवाडा समोर येतो, हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या माथ्यावरचा गोषवारा, वाचली की मुद्दा कळतो आणि अनुकूल ओळ अधोरेखित करून दाखल केली की काम भागते. ही परिभाषा ग्रंथालयात धूळ झटकणाऱ्या पिढीची गरज होती. ती आमच्या माथी कशाला?

तालुका_वकील
तुमच्या पोस्टमधील ‘अनुकूल ओळ’ या दोन शब्दांनी माझी रात्रीची झोप उडवली, म्हणून सविस्तर लिहितो. 1985 सालचा शहाबानो निवाडा घ्या. पाच न्यायाधीशांच्या पीठापुढे प्रश्न पोटगीचा होता: घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला इद्दतीनंतरही (घटस्फोटानंतरच्या प्रतीक्षाकाळानंतरही) फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगी मागता येते का? येते, हे उत्तर ज्या कारणांवर उभे आहे तो रेशो. समान नागरी कायद्याबाबतचा अनुच्छेद 44 निर्जीव होऊन पडल्याबद्दलचे खेदाचे उद्गार मात्र निवाड्यातून उचलून बाजूला ठेवले, तरी पोटगीचा निर्णय तसूभरही हलत नाही. म्हणून ते ऑबिटर. असे असूनही ‘सर्वोच्च न्यायालयाने समान नागरी कायद्याचा आदेश दिला होता’ हे वाक्य मी बाररूममध्ये काळे कोट घातलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. अनुच्छेद 141 प्रमाणे बंधनकारक असतो तो सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा, निवाड्यातील प्रत्येक वाक्य नव्हे.

हेडनोटचा धडा मी स्वतः भर कोर्टात गिरवला आहे. वकिलीच्या दुसऱ्या वर्षी, वहिवाटीच्या रस्त्याच्या दाव्यात, मी एका हेडनोटमधील वाक्य मोठ्या आवेशात वाचून दाखवले. समोरच्या वयोवृद्ध वकिलांनी आवाजही चढवला नाही. त्यांनी न्यायाधीशांना मूळ परिच्छेद आणि त्याच्या पुढचा परिच्छेद वाचण्याची विनंती केली. माझे वाक्य अपीलकर्त्याच्या वकिलांचा युक्तिवाद म्हणून नोंदलेले होते आणि पुढच्याच परिच्छेदात न्यायालयाने तो फेटाळला होता. न्यायाधीश काही बोलले नाहीत, त्यांनी झेरॉक्स परत केली. तो कागद परत घेताना हाताला जे जाणवले, ते कोणत्याही शोधपेटीत सापडत नाही.

नवा_कोट (पुणे)
काका, गोष्ट हृद्य आहे, पण तिच्यातून सिद्ध होते ते एवढेच की तुम्ही पुढचा परिच्छेद वाचला नव्हता. त्यासाठी लॅटिन लागत नाही. आता तुमच्या रेशोकडे येऊ. केशवानंद भारती, 1973: तेरा न्यायाधीश, अकरा स्वतंत्र निवाडे, सात विरुद्ध सहा. बहुमताचे मत नेमके काय, हे सांगण्यासाठी वेगळा गोषवारा काढावा लागला आणि त्यावरही तेरांपैकी नऊ जणांनीच सही केली. देशातील सर्वांत महत्त्वाच्या निवाड्याचा रेशो तो देणाऱ्यांनाच एकमताने सांगता आला नाही, तर आम्ही तो तालुक्याच्या बाररूममध्ये कसा काढावा? शिवाय थेट निर्णय उपलब्ध नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाचे ऑबिटरही उच्च न्यायालये मानतात. म्हणजे तुमची पक्की भिंत पडद्याचीच निघाली.

निवृत्त_शिरस्तेदार
आपण दोघेही लॅटिनवर भांडत आहात आणि इथे मराठीतल्या ‘निकाल’ या एका शब्दाने माणसे बुडत आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 2 मध्ये हुकूमनामा, न्यायनिर्णय आणि आदेश यांच्या स्वतंत्र व्याख्या आहेत; वर्तमानपत्रात आणि पक्षकाराच्या तोंडी मात्र तिन्हींना निकालच म्हणतात. माझ्या नोकरीच्या काळात एका शेतकऱ्याला कोणीतरी सांगितले की निकाल विरुद्ध गेला. प्रत्यक्षात तात्पुरत्या मनाईचा अर्ज, म्हणजे निशाणी 5, तेवढा नामंजूर झाला होता आणि दावा चालूच होता. वादी असूनही तो पुढच्या तारखांना फिरकलाच नाही आणि दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला. तो आदेश रद्द करून दावा पुन्हा चालू करण्यासाठी त्याच न्यायालयात अर्ज करता आला असता. पण दावाच संपला, अशी त्याची समजूत झाली होती.

ठाणेकर_भाषाप्रेमी
शिरस्तेदारसाहेबांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. मुळात रेशो म्हणायचेच कशाला? ‘निर्णयाधार’ म्हणा, ऑबिटरला ‘प्रासंगिक उद्गार’ म्हणा. जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे आपण अभिमानाने सांगतो आणि युक्तिवादाच्या वेळी रोमन टोगा पांघरतो. ही परिभाषा पक्षकाराला अंधारात ठेवण्यासाठीच टिकवलेली आहे.

तालुका_वकील
आरोप करण्यापूर्वी एकदा दिवाणी न्यायालयात येऊन बसा. कैफियत, दरखास्त, हुकूमनामा हे आमचे रोजचे शब्द आहेत आणि त्यांतला एकही देशी नाही. शिवाजी महाराजांनी फारसी शब्द हटवण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरीही ते कोर्टात टिकून आहेत, कारण प्रत्येकाला नेमके काम आहे. पक्षकाराला मी ‘निर्णयाधार’ म्हटले तर तो ‘रेशो’ म्हटल्याइतकाच गोंधळेल.

ठाणेकर_भाषाप्रेमी
म्हणजे फारसी चालते, लॅटिन चालते, संस्कृत तेवढी खुपते. आपला कल समजला.

तालुका_वकील
माझा कल आपण ठरवू नये. पक्षकाराशी मी तीस वर्षे मराठीतच बोलत आलो आहे आणि तेही फी ठरण्याच्या आधीपासून.

वैदर्भी
भाषेचा वाद बाजूला ठेवून खर्चाबद्दल कोणी बोलेल का? निवाडे छापणारा ऑल इंडिया रिपोर्टर आमच्या नागपूरचा, 1914 पासूनचा, म्हणून अभिमान जरूर आहे. पण नव्या वकिलाने प्रत्येक प्रकाशनाची वर्गणी भरायची कोठून? एकाच निवाड्याचे चार संदर्भक्रमांक आणि त्यातला चौथा समोरच्याकडेच असतो.

नवा_कोट (पुणे)
ताई, ती तक्रार आता जुनी झाली. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे 2023 पासून ई-एससीआर या न्यायालयाच्याच ऑनलाइन संग्रहात विनामूल्य वाचता येतात आणि प्रकाशकनिरपेक्ष क्रमांकही आले आहेत. मुंबई उच्च न्यायालय तर नागपूर, औरंगाबाद आणि गोवा खंडपीठांसाठी वेगळी अक्षरे लावते. निवाड्यांच्या कॉपीराइटबद्दलच्या मोडक प्रकरणातही ठरलेच आहे की निवाड्याचा मूळ मजकूर सर्वांचा, प्रकाशकाचा हक्क त्याने स्वतः घातलेल्या भरीवर, म्हणजे हेडनोट वगैरेंवर.

तालुका_वकील
शाबास! आता स्वतःच लिहिलेले पुन्हा वाचा. हेडनोट ही प्रकाशकाची भर आहे, न्यायालयाचा शब्द नव्हे, हे आपणच सांगितलेत. ज्या हेडनोटवरून आपल्याला ‘मुद्दा कळतो’, ती कायदा नाही हे आपल्याला मोडक प्रकरणाने शिकवले. मी सांगत होतो तेव्हा ते धूळ झटकणे होते.

केशवानंदाबाबत मात्र तुमचा नेम बसला, हे मान्य करावे लागते. तिथे रेशो काढणे हे चिकाटीचे काम आहे आणि ऑबिटरचे वजन न्यायालयाच्या पायरीनुसार बदलते, हेही खरे. पण वजन बदलते हे कळायला आधी वस्तू ओळखावी लागते. एकच प्रश्न विचारतो: विशेष अनुमती याचिका, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागणारा अर्ज, कारण न देता एका ओळीत फेटाळली, तर सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निवाडा कायम केला, असे आपण लिहाल का?

नवा_कोट (पुणे)
गेल्याच आठवड्यात लिहिले आहे.

तालुका_वकील
कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य, 2000. अशा फेटाळणीने उच्च न्यायालयाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात विलीन होत नाही आणि अनुच्छेद 141 खालचा कायदाही घोषित होत नाही. न्यायालयाने अपिलाची परवानगी नाकारली, एवढाच तिचा अर्थ. शोधपेटीत ‘फेटाळली’ हा शब्द टाकून हे सापडले असते का?

नवा_कोट (पुणे)
सापडले असते; फक्त ते शोधायचे आहे हे आधी माहीत असायला हवे होते. हा मुद्दा तुमचा, काका, आणि तो मी अत्यंत नाखुशीने देत आहे. लॅटिन मात्र अजूनही पाठ करणार नाही. लेखी युक्तिवाद सोमवारी दाखल करायचा आहे. ते वाक्य आत्ताच खोडतो.

निवृत्त_शिरस्तेदार
खोडताना तिथे ‘निकाल’ लिहू नका.