मदत हवी आहे : फॉरेन्सिक अकाउंटिंगच्या पदवीसाठी कर्ज काढावे का?

माझी धाकटी बहीण दारव्हा तालुक्यातून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असून तिला बँका व विमा कंपन्यांमधील आर्थिक गैरव्यवहारांच्या तपासाचे, म्हणजे फॉरेन्सिक अकाउंटिंगचे, शिक्षण घ्यायचे आहे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा या विषयातील एमबीए तिच्या मनात आहे, आणि तिची ओढ खरी आहे. गावातल्या बचत गटाच्या वहीत न जुळणारी रक्कम ती चिकाटीने शोधून काढते.

शेती कोरडवाहू असून सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आहे, त्यामुळे साडेसात लाखांपर्यंतचे विनातारण शैक्षणिक कर्ज हाच मार्ग उरतो. 6 लाख रुपये 10 टक्के व्याजाने 7 वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता सुमारे 10 हजार येतो, आणि शिक्षणाच्या काळात चढणारे व्याज त्याहून वेगळे. काही खासगी संस्थांकडे चौकशी केली असता त्यांनी फक्त सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा सांगितला. बाकीच्या मुलांना काय मिळते, यावर उत्तर नाही. सनदी लेखापालांच्या संस्थेचा या विषयातील प्रमाणपत्र अभ्यासक्रम सीए झालेल्यांसाठी आहे, तर सीएफई (सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर, म्हणजे प्रमाणित गैरव्यवहार तपासनीस) परीक्षेनंतर प्रमाणपत्र मिळण्यासाठी कामाचा अनुभव लागतो. सीएची लांबलेली वाट तिला नको आहे. नागपूर किंवा पुण्याला राहण्याची मात्र तयारी आहे.

ज्यांनी सीए न होता ही पदवी घेतली, त्यांच्या हातात पहिल्या वर्षी खोलीभाडे व जेवण वजा जाता महिन्याला किती उरत होते, आणि आधी बँकेत किंवा लेखापरीक्षकाकडे नोकरी करून मग सीएफई करणे अधिक परवडले असते का?