गुडघ्याच्या सांधेरोपणासाठी ‘डिजिटल ट्विन’ आणि रोबोट: नेमके काय मिळते?

सांगलीची_लेक:
नमस्कार. माझ्या आईचे वय 68 असून गुडघ्यांची झीज झाल्यामुळे तिला उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण सुचवले आहे. आम्ही चौकशी केली त्या रुग्णालयात सिटी स्कॅनवरून गुडघ्याचा ‘डिजिटल ट्विन’ तयार करून रोबोटच्या मदतीने शस्त्रक्रिया करण्याचा पर्याय सांगितला, आणि त्याचा खर्च नेहमीपेक्षा बराच जास्त आहे. आई सारखी विचारते, “म्हणजे डॉक्टर बाजूला बसणार आणि यंत्रच कापणार का?” तिला काय सांगावे हे मला कळत नाही. संगणकातला हा गुडघा खरोखर तिच्या गुडघ्यासारखा वागतो का, आणि जास्तीचा खर्च करावा इतका फरक त्याने पडतो का, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

निवृत्त_अस्थिशल्यविशारद:
आईंना आधी एवढे सांगा की करवत बहुतेक वेळा डॉक्टरांच्याच हातात असते. माको किंवा त्यासारख्या रोबोट प्रणालींत यंत्राचा हात करवतीला आधार देतो आणि आधी ठरवलेल्या सीमेपलीकडे ती जाऊ लागली की तिला अडवतो. संपूर्ण काप स्वतः घेणारी यंत्रेही आहेत, मात्र तिथेही आराखडा डॉक्टरच मंजूर करतात आणि शस्त्रक्रिया कोणत्याही क्षणी थांबवू शकतात. आपल्या रुग्णालयात यांपैकी कोणता प्रकार आहे, हे जरूर विचारा.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो. सिटी स्कॅनवरून मांडीच्या आणि नडगीच्या हाडाचे त्रिमितीय चित्र तयार होते आणि कृत्रिम सांध्याचा आकार, त्याची जागा व कोन त्या चित्रावर आधीच ठरवले जातात. शस्त्रक्रियेच्या वेळी दोन्ही हाडांत बारीक पिना बसवून त्यांवर खुणा लावतात, कॅमेरा त्या खुणांवरून पायाची हालचाल टिपतो, आणि डॉक्टर टोकदार सळईने हाडाच्या पृष्ठभागावरील अनेक बिंदूंना स्पर्श करून संगणकातले हाड व समोरचे हाड यांची सांगड घालतात. मला सर्वांत मोलाची वाटते ती यानंतरची पायरी. सिटी स्कॅनमध्ये हाड उत्तम दिसते, पण लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे, किती ताणलेले आहेत हे त्यात कळत नाही. म्हणून डॉक्टर पाय वाकवून, सरळ करून, दोन्ही बाजूंना ताण देऊन सांध्यातील फट मोजतात आणि आराखडा एखाद्या मिलिमीटरने किंवा अंशाने बदलतात. हा निर्णय हाताच्या अनुभवावर अवलंबून असतो आणि गुडघा पुढे किती सुखाने वाकेल हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

फरकाबद्दल बोलायचे तर काप अधिक काटेकोर बसतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र दक्षिण कोरियात रोबोडॉक या जुन्या, स्वयंचलित यंत्राने केलेल्या आणि पारंपरिक पद्धतीने केलेल्या शस्त्रक्रियांची किमान 10 वर्षांच्या पाठपुराव्याने तुलना झाली, तेव्हा गुडघ्याचे कार्य आणि रोपणाचे टिकणे यांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. ती चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. आजची यंत्रे वेगळी आहेत हे मान्य करूनही, माझी आई असती तर मी यंत्रापेक्षा डॉक्टर वर्षाला किती गुडघे बदलतात हे आधी विचारले असते.

जैववैद्यकीय_अभियंता:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त ‘ट्विन’ या शब्दाविषयी थोडे लिहितो, कारण हा शब्द आज फार सैलपणे वापरला जातो. ही कल्पना कारखान्यांतून आली. मायकेल ग्रीव्हज यांनी 2002 मध्ये मिशिगन विद्यापीठात ती मांडली, आणि खऱ्या वस्तूकडून माहिती सतत येत राहून संगणकातले रूप त्याप्रमाणे बदलत जाणे हा तिचा गाभा आहे. आपल्या आईंच्या बाबतीत तयार होणार आहे तो एका विशिष्ट दिवशी काढलेला अचूक नकाशा. तो उपयुक्त आहेच, पण त्या गुडघ्यातली वेदना, स्नायूंचे बळ किंवा चालण्याची सवय त्याला ठाऊक नसते.

याच्या पुढची पायरी हृदयाच्या क्षेत्रात दिसते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नतालिया ट्रायानोव्हा यांचा गट रुग्णाच्या एमआरआयमधून हृदयातील व्रण शोधून त्याच हृदयाचे विद्युत प्रतिरूप तयार करतो. मग अनेक ठिकाणांहून कृत्रिम ठोके देऊन अनियमित लय कुठे निर्माण होते ते पाहतात, तिथली ऊती संगणकातच जाळतात आणि लय पुन्हा बिघडते का ते तपासतात. ती बिघडेनाशी झाली की त्या जागांचा नकाशा प्रत्यक्ष उपचारासाठी डॉक्टरांकडे जातो. 2019 मध्ये अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, अनियमित लयीच्या 10 रुग्णांवर ही पद्धत वापरल्याचे प्रसिद्ध झाले. 10 ही संख्या लहान आहे, हे विसरू नये. तरीही इथे प्रतिरूपाला प्रश्न विचारता येतो आणि ते उत्तर देते, गुडघ्याच्या चित्राला हे जमत नाही.

मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ मला इन्सुलिन पंप वाटतो. मधुमेहींचा असा पंप चालवणारी कंट्रोल-आयक्यू ही प्रणाली साखर मोजणाऱ्या संवेदकाच्या नोंदींवरून पुढील 30 मिनिटांतील साखरेचा अंदाज घेते आणि दर 5 मिनिटांनी इन्सुलिनचे प्रमाण सुधारते. अंदाज चुकला तर पुढच्या नोंदीत ते दिसते. म्हणून कोणी ‘डिजिटल ट्विन’ म्हटले की मी एकच विचारतो: उपचारानंतर शरीराकडून परत येणारी कोणती माहिती या प्रतिरूपाला दुरुस्त करते?

विमा_सल्लागार:
खर्चाबाबत एक नोंद: विमा नियामक आयआरडीएआयने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत रोबोटिक शस्त्रक्रियेचा आधुनिक उपचारांच्या यादीत समावेश केला होता, त्यामुळे त्या सूचनांनुसार ती सरसकट वगळता येत नव्हती. मात्र कंपनीला त्यावर रकमेची उपमर्यादा ठेवता येत होती. पॉलिसीतील तेवढे कलम वाचून पूर्वमंजुरी लेखी घ्यावी.

सांगलीची_लेक:
सर्वांची मनापासून आभारी आहे. यंत्र डॉक्टरांचा हात आवरते, हे ऐकून आईची भीती बरीच कमी झाली. एक शंका उरते. डावा गुडघा वर्ष-दीड वर्षाने करायचा ठरल्यास, आताच दोन्ही पायांचा स्कॅन करून ठेवावा का?

निवृत्त_अस्थिशल्यविशारद:
नको. झिजणाऱ्या सांध्याच्या कडांवर हाडाचे उंचवटे वाढत राहतात आणि पायाचा बाकही बदलू शकतो, त्यामुळे तेव्हा बहुधा नवा स्कॅन लागेलच आणि आताचा किरणोत्सर्ग फुकट जाईल. या वर्षभरात डाव्या मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आजपासूनच सुरू करा, कारण उजवा पाय सावरेपर्यंत बराचसा भार त्याच पायावर येणार आहे.