मालिका म्हणजे निव्वळ धंदा?

'पुस्तकांच्या मालिका हा प्रकाशकांचा धंदा आहे, मुलं उगाच भुलतात' असं एक मत ऐकायला मिळतं, ते अर्धंच पटलं. धंदा आहेच, आणि तो जुना आहे. नॅन्सी ड्रू या गुप्तहेर मुलीची पुस्तकं 1930 पासून कॅरोलिन कीन या नावाने निघाली, पण त्या नावाची बाई कधी नव्हतीच. पडद्याआड वेगवेगळे लेखक कामाला लावलेले. तिथे नायिकेचं वय जवळपास जागच्या जागी. कुठलाही भाग उचला, काही बिघडत नाही.

हॅरी पॉटरने नेमकं हेच मोडलं. पहिल्या भागात तो अकरा वर्षांचा होतो, शेवटच्यात सतरा. 1997 ते 2007 अशी दहा वर्षं पुस्तकं येत राहिली. म्हणजे अकराव्या वर्षी सुरुवात केलेलं पोर शेवट वाचताना एकविशीत! मधल्या काळात पुस्तकंही जाडजूड होत गेली, मरणं खरीखुरी वाटू लागली, आणि पुढचा भाग येईपर्यंत मित्रांत वाद घालायला भरपूर वेळ. त्या वयात वाचन एकट्याने करायची गोष्ट राहत नाही, ती टोळीने करायची होते. सुटं पुस्तक कितीही चांगलं असलं तरी आठवड्यात संपतं, मग बोलायचं कशावर?

ताणलेलं मात्र मुलांना लगेच कळतं. 'डायव्हर्जंट' या किशोरांसाठीच्या कादंबरी-मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकाचे दोन चित्रपट करायचं ठरलं होतं. 2016 मध्ये पहिला आपटला आणि दुसरा निघालाच नाही. भुलणारी पोरं असती तर तोही चालला असता की.