क्लँडन पार्क: पुन्हा उभारायचं की जळका सांगाडाच जपायचा?

चुनेगच्ची: इंग्लंडमधल्या सरे परगण्यातली ओन्स्लो घराण्याची ही हवेली 29 एप्रिल 2015 ला जळाली. तळघरातल्या विजेच्या बोर्डात बिघाड झाला, आग लिफ्टच्या पोकळीतून वर चढली आणि छप्परच खाली आलं. व्हेनिसचा वास्तुकार जाकोमो लिओनी याची ही वास्तू अठराव्या शतकातली. बाहेरून साध्या लाल विटा, पण दार उघडलं की दोन मजली संगमरवरी दालन: सुमारे 40 फूट लांब, तितकंच रुंद, तितकंच उंच. छतावर आर्तारी आणि बागुत्ती या कारागिरांचं चुनेगच्चीतलं उठावकाम होतं. नॅशनल ट्रस्ट (ऐतिहासिक वास्तू जपणारी ब्रिटिश संस्था, हवेली तिच्याच ताब्यात) आधी मुख्य दालनं पूर्ववत करणार होता. 2022 मध्ये बेत बदलला: नवं छप्पर, आतून फिरायला मार्गिका आणि भिंती उघड्याच. मला हे पटत नाही. लिओनीने घर बांधलं ते त्या दालनासाठी. तेच नसेल तर उरतं काय?

वीटकरी: उरतं ते बरंच आहे. गिलावा गळून पडल्यावर आतलं विटांचं बांधकाम, कमानी, तुळयांची खोबणी, सगळं उघडं पडलंय. एरवी हे कुणाला बघायला मिळतं? नवं छत कितीही हुबेहूब केलं तरी त्यावर आर्तारीचा हात फिरलेला नसणार.

चुनेगच्ची: मग अपपार्क या इंग्लंडमधल्याच दुसऱ्या हवेलीचं काय? 1989 मध्ये छपराच्या शिशाचं काम चालू असताना ते पेटलं, तरी 1995 ला पुन्हा खुलं झालं. त्या निमित्ताने कारागीर ओल्या चुन्यात हाताने नक्षी घडवायला नव्याने शिकले. कसब काम मिळालं तरच टिकतं, भिंती उघड्या ठेवून नाही.

वीटकरी: अपपार्कचं बहुतेक सामान लोकांनी वेळेवर बाहेर काढलं होतं. क्लँडनचं बरंचसं जळून गेलं. रिकाम्या खोल्यांना सोनेरी मुलामा देऊन काय साधणार?

उंबरठा: दोघांनीही पैशाचा विषय काढला नाही. दुसऱ्या लॉर्ड ओन्स्लोची बायको एलिझाबेथ नाइट हिच्याकडे जमैकातल्या ऊसमळ्यांची मिळकत आली होती. गुलामांच्या श्रमाचा तो पैसा या घरात आहे. दालन पुन्हा उभारा किंवा नका उभारू, पण आत येणाऱ्याला हे दाराशीच सांगा.

चुनेगच्ची: सांगायलाच हवं. पण ती श्रीमंती मिरवणारं छतच वर नसेल, तर तो पैसा कशावर उधळला ते दाखवणार कसं? आणि घरातली स्पीकर्स पार्लर ही एक खोली आगीतून जवळपास जशीच्या तशी वाचलीय. ती एकच सजलेली आणि शेजारी नुसत्या विटा, हे मला तरी बघवणार नाही.