पंख्याचा शाफ्ट तुटला, दोष तांडेलाचा का?

हर्णैचा नाखवा
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात दाभोळच्या बाहेर आमच्या ट्रॉलरचा शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा, तुटला. दर्या शांत होता, जाळं ओढणं चालू होतं. धाडकन आवाज आला नि इंजिन मोकळं पळायला लागलं. पंखा गेला तळाला. शेजारच्या बोटीने ओढून बंदरात आणलं. भागीदार म्हणतो, जाळं खडकात अडकलं असणार आणि बोट चालवणाऱ्या तांडेलाने तरीही रेस दिली, तेव्हा खर्च त्याच्या वाट्यातून कापा. तांडेल शपथेवर सांगतो की काही अडकलं नव्हतं. वडिलांच्या वेळेपासून तो आमच्याकडे आहे. शाफ्ट एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा), सहा वर्षं जुना. आतला तुकडा काढून ठेवलाय. त्यावरून काही कळेल का? माझ्या हातून त्या माणसावर अन्याय व्हायला नको.

गुहागरकरीण
दादा, मी मूळची गुहागरची. धातू थकून कसा तुटतो, तडा कसा पुढे सरकतो, याच्यावरच माझं संशोधन आहे. आधी एक करा: तो तुकडा कोणाला देऊ नका, तारेच्या ब्रशने घासू नका, दुसरा तुकडा मिळाला तरी तोंडाला तोंड लावून बघू नका. गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, हलकं तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवा. मग उन्हात धरून काय दिसतं ते लिहा. कुठला भाग गुळगुळीत, कुठला खरबरीत, रेषा आहेत का.

हर्णैचा नाखवा
ताई, बघितलं. बराचसा भाग गुळगुळीत, काळपट तपकिरी. त्यावर बारीक बारीक वळणदार रेषा आहेत, कालवाच्या शिंपल्यावर असतात तशा. सगळ्या काठावरच्या एका जागेभोवती. दुसऱ्या बाजूला साधारण पाचवा हिस्सा खरबरीत, तो उजळ आहे. गेल्या वर्षी बुशात, म्हणजे शाफ्ट ज्या नळीत आधाराने फिरतो तिथे, शाफ्ट झिजला होता, तिथे वेल्डिंगने भरून लेथवर घेतला होता. तुटला तिथेच.

गुहागरकरीण
दादा, मग तांडेल खरं बोलतोय.

झटक्याने तुटला असता तर सगळं तोंड सारखंच दिसलं असतं, पिळवटलेलं. तुमच्या तुकड्यावर भरतीच्या पाण्याने वाळूवर सोडाव्यात तशा रेषा आहेत. आमच्या कामात त्यांना बीच मार्कच म्हणतात. तडा थांबत-चालत पुढे गेला, त्याच्या त्या खुणा. काळपट भाग जुना, तिथे खारं पाणी कधीचं शिरलेलं. उजळ पाचवा हिस्सा तेवढा त्या दिवशी तुटला. आणि तो एवढासाच उरेपर्यंत शाफ्टने काम केलं, म्हणजे त्या दिवशी भार नेहमीचाच होता.

हिशोब बघा. बुश झिजला की जड पंखा शाफ्टला वाकवतो आणि दर फेऱ्याला शाफ्टचा प्रत्येक कण एकदा ताणला, एकदा दाबला जातो. मिनिटाला ५०० फेरे धरा. तासाला ३०,०००, दहा तासांत ३ लाख, ३४ दिवसांत १ कोटी. जर्मनीत ऑगस्ट व्होलरने १८५० आणि ६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर हेच दाखवलं: एकदा सहज पेलणारा भार लाखो वेळा आला की पोलाद तुटतं. कोरड्या हवेत भाराची एक सुरक्षित मर्यादा तरी असते, तिच्याखाली पोलाद तुटत नाही. खारं पाणी तीही ठेवत नाही.

वेल्डिंगचा भर थंड होताना आकसतो आणि कातडीत कायमचा ताण ठेवून जातो. एखादी बारीक चीर, एखादं छिद्र राहिलं की तडा तिथूनच निघतो. १९८० च्या मार्चमध्ये उत्तर समुद्रात अलेक्झांडर किलँड नावाचा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला, १२३ माणसं गेली. तडा निघाला होता एका उपकरणाचा आधार बसवायला केलेल्या ६ मिलिमीटरच्या वेल्डपाशी. ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटी डोळ्यांपुढे आल्या होत्या.

लेथवाला
ताई, मान राखून सांगतो. वेल्डिंगने भरलेले कितीतरी शाफ्ट आम्ही दिले, चालतायत. नवीन शाफ्टचे पैसे सगळ्यांकडे नसतात.

गुहागरकरीण
दादा, खरं आहे, मला पैशाची अडचण कळते. पण चालतोय म्हणजे तडा नाही असं नव्हे. तो आधी फार हळू चालतो. पॉल पॅरिस यांनी १९६० च्या दशकात तडा वाढण्याचा नियम मांडला. पोलादात साधारणपणे ताणाची चढउतार दुप्पट झाली की वेग आठपट होतो. म्हणून भरलेल्या शाफ्टवर झिजलेला बुश तसाच ठेवू नका, आणि इंजिन नि शाफ्ट एका रेषेत नीट धरा. जूनमध्ये पावसाळ्यासाठी बोट शाकारून किनाऱ्यावर ठेवली की पंखा उतरवून लाल रंगाची पेनेट्रंट टेस्ट करा: जागा स्वच्छ करा, रंग लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा फवारा मारा. तडा असला तर लाल रेघ उमटते. भर घातलेल्या जागी आणि पंखा शाफ्टवर पक्का धरणाऱ्या चावीची खाच संपते तिथे आधी बघा.

लेथवाला
रंग आमच्याकडे असतो, पण शाफ्टला कधी लावला नाही. खाचेचे कोपरे आम्ही टोकदारच काढतो, तेही चुकतंय का?

गुहागरकरीण
हो दादा. थोडी गोलाई द्या. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो.

हर्णैचा नाखवा
ताई, काल संध्याकाळी तुकडा घेऊनच तांडेलाच्या घरी गेलो. भागीदारही होता. तांडेलाने त्या रेषांवरून बराच वेळ बोट फिरवलं, मग म्हणाला, दिवाळीनंतर पंख्याकडून घरघर यायची, मी तुम्हाला बोललो होतो. खरंच बोलला होता. वाट्यातून काही कापणार नाही. नवीन शाफ्टबरोबर बुशही नवा घेतोय.