मुलींच्या शिक्षणासाठी निधी : सोसायटीच्या खात्यात घ्यावा काय?

ऐरोलीकर : आमच्याकडे घरकामासाठी दिघ्याहून येणाऱ्या महिलांच्या चार मुली यंदा दहावी उत्तीर्ण झाल्या असून, त्यांच्या पुढील शिक्षणासाठी गणेशोत्सवात निधी जमवावा, असा आम्हा काही रहिवाशांचा विचार आहे. ही रक्कम सोसायटीच्या खात्यात घ्यावी काय?

घोडबंदरवासी : घेऊ नये. देखभाल शुल्क आणि देणगी एकत्र झाली की लेखापरीक्षणात उत्तरे देत बसावे लागते. नोंदणीकृत शैक्षणिक न्यासामार्फत व्यवहार करावा. देणगीदारांना आयकरात वजावट हवी असल्यास न्यासाला तशी मान्यता आहे का ते पाहावे. २००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही.

निवृत्त शिक्षिका, वाशी : खात्याआधी खर्च ठरवा. शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंतच पुरतो हे खरे, परंतु राज्यात अनुदानित संस्थांमध्ये मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ असते. त्यामुळे अडते ते बहुधा रेल्वेच्या पासावर, पुस्तकांवर, प्रयोगवहीवर आणि आई कामावर गेल्यावर धाकट्या भावंडांना कोणी सांभाळायचे या प्रश्नावर. एकरकमी धनादेशापेक्षा दोन वर्षे दरमहा थोडी रक्कम अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. आणि कृपया मंडपात त्या मुलींना उभे करून छायाचित्रे काढू नका. त्यांच्याच वर्गमैत्रिणी ती पाहतात.

ऐरोलीकर : छायाचित्रांचा ठराव झालाच होता, तो मागे घेतो. आधी चौघींच्या आईंशी बोलतो.