मदत हवी आहे: स्नोमॅन शनिवारपर्यंत टिकवायचाय

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला असतो. रविवारी लेकीने मागच्या अंगणात साडेचार फुटी स्नोमॅन केलाय. शनिवारी पुण्याहून आजी-आजोबा येतायत, त्यांना तो दाखवायचाच आहे.

अंगण दक्षिणेला, दुपारभर ऊन. पारा शून्याखाली असूनही उन्हाची बाजू खचली आणि महाशय आता पुढे वाकलेत. काळा मफलर होता, त्याखाली गळ्याला बोटभर खाच पडली, म्हणून काढला. गाजर दोनदा गळलं (दुसऱ्यांदा खारीने पळवलं). बुडाशी ओला बर्फ थापला, रात्री उणे ४ असताना स्प्रेने पाणी मारलं, त्याने वरचा थर कडक झालाय. मीठ नको हे माहीत आहे. उचलून सावलीत नेला तर मोडेल.

खरी धास्ती गुरुवारची: ७ अंश सेल्सिअस, पाऊस आणि वारा. आपल्याकडे बर्फवाले लादी भुशात, गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, त्यावरून डोक्यात आलं की जुनी गोधडी गुंडाळावी आणि वर ताडपत्री. पण गोधडी भिजली तर उलट लवकर विरघळेल का? की नुसतं वर छप्पर करून अंग मोकळं ठेवू? कुणी करून पाहिलंय?